छतावरचा सूर्य आणि अर्धा ताळेबंद

पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली, तेव्हा सरकारने दोन आकडे ठळकपणे पुढे केले. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसतील, हा पहिला. या पॅनेलच्या २५ वर्षांच्या आयुष्यात ७२ कोटी टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळेल, हा दुसरा. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेची चर्चा बहुतांशी पहिल्या आकड्याभोवतीच फिरत राहिली आहे. कोणत्या राज्यातून किती अर्ज आले, किती जोडण्या झाल्या, अनुदान किती वाटले गेले, एवढ्यावरच विचारणा थांबते. दुसरा आकडा मात्र कोणीही फारसा न तपासता स्वीकारला. वास्तविक योजनेचे पर्यावरणीय समर्थन त्याच आकड्यावर उभे आहे.

हा आकडा कसा निघाला, हे समजणे अवघड नाही. ३० गिगावॉट क्षमतेच्या छतांवरून २५ वर्षांत एक लाख कोटी युनिट वीज निर्माण होईल, असे सरकारचे गृहीतक आहे. देशाच्या वीजजाळ्यातील प्रत्येक युनिटमागे आज सरासरी ७०० ग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. या दोहोंचा गुणाकार केला की ७२ कोटी टन हाती येतात. म्हणजेच वीजजाळे पुढील २५ वर्षे आजइतकेच कोळशावर विसंबून राहील, असे या हिशेबाने धरले आहे. दुसरीकडे २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही याच सरकारची जाहीर उद्दिष्टे आहेत. ती गाठली गेली, तर टळलेल्या उत्सर्जनाचा आकडा त्या प्रमाणात खाली येईल. दोन्ही श्रेये एकाच वेळी पदरात पाडून घेता येत नाहीत.

पॅनेल तयार करताना होणारे उत्सर्जन हाही वजाबाकीचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार सौर पॅनेलच्या निर्मितीच्या सर्व टप्प्यांत चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता आणि जगभर या उद्योगाला लागणाऱ्या विजेपैकी ६० टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून येत होती. सूर्यघर योजनेत देशी बनावटीचे सेल आणि पॅनेल बंधनकारक आहेत, हे योग्यच. तथापि त्यांच्या मुळाशी असलेले पॉलिसिलिकॉन आणि वेफर यांसाठी भारत अजूनही प्रामुख्याने आयातीवर अवलंबून आहे. छतावर निर्धूर दिसणाऱ्या यंत्रणेचा धूर दुसऱ्या कुठल्या तरी देशातील धुराड्यातून आधीच निघून गेलेला असतो.

तरीही या वजाबाकीने छतावरील सौरऊर्जेचा कैवार दुबळा होत नाही, हे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०१४ मध्ये दिलेल्या मध्यम अंदाजांनुसार, निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचे सारे उत्सर्जन धरले तरी छतावरील सौरविजेचे प्रमाण युनिटमागे ४१ ग्रॅम भरते. कोळशाच्या विजेचे ८२० ग्रॅम. त्या मापाने सरकारच्या ७२ कोटी टनांतून चार कोटी टनांच्या आसपास वजा होतील. शिल्लक प्रचंडच आहे. शिवाय छताचा आणखी एक लाभ टनांत मोजला जात नाही. राजस्थान आणि गुजरातच्या ओसाड समजल्या जाणाऱ्या गवताळ प्रदेशात सौरप्रकल्प आणि त्यांच्या उच्चदाब वाहिन्या पसरल्या, तेव्हा माळढोकच्या अस्तित्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने वाहिन्या भूमिगत करण्याचा व्यापक आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करावा लागला. छतावरील पॅनेलला ना नवी जमीन लागते, ना शेकडो किलोमीटरची वाहिनी.

दिल्लीपुरते बोलायचे तर हा लाभ अधिकच ठळक आहे. बदरपूरचे औष्णिक वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. त्यामुळे राजधानीची हवा एका मोठ्या धुराड्यापासून मुक्त झाली, पण राजधानीची भूक कमी झाली नाही. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली, तीही भर दुपारी. ही भूक भागवण्यासाठी सिंगरौली, रिहंद, दादरी येथे कोळसा जळतो आणि तिथल्या राखेचे ओझे तिथल्याच माणसांवर पडते. दुपारच्या मागणीचा एखादा हिस्सा दिल्लीच्या छतांनी उचलला, तर ती पर्यावरणाची सेवा असेल आणि न्यायाचीही. रात्रीच्या उकाड्यात मात्र पॅनेल निकामी असते आणि घर पुन्हा कोळशाच्याच विजेकडे वळते. साठवणुकीची व्यवस्था होईपर्यंत छताने कोळशाला रजा दिली असे म्हणता येत नाही. दुपारपुरती सुट्टी दिली, इतकेच.

खरी चिंता आहे ती ताळेबंदाच्या शेवटच्या पानाची. एक किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलचे वजन साधारण ५० ते ६० किलो भरते. त्या हिशेबाने ३० गिगावॉट म्हणजे १५ ते १८ लाख टन काच, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिकचे थर, सिलिकॉन, तांबे, थोडी चांदी आणि सांध्यांतले शिसे. वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काचेचा असतो. ती थरांना इतकी घट्ट चिकटलेली असते की वेगळी काढणे खर्चाचे, आणि काढून मिळणारी किंमत बेताची. भंगाराच्या बाजारात ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची तार तेवढी हातोहात खपते. उरलेल्याचे काय होते, हे ई-कचऱ्याच्या बाबतीत सीलमपूरने आणि मुरादाबादेत रामगंगेच्या काठाने दाखवून दिले आहे.

सरकारला याची जाणीव नाही असे नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, त्यांत सौर पॅनेलचा समावेश झाला. पण त्यांनी उत्पादकांवर टाकलेली मुख्य जबाबदारी आहे ती २०३४-३५ पर्यंतचा असा कचरा साठवून ठेवण्याची आणि त्याची विवरणपत्रे भरण्याची. युरोपीय संघाने सौर पॅनेल परत घेण्याचे दायित्व २०१२ मध्येच उत्पादकांवर टाकले होते. कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्न्मेंट अँड वॉटर या संस्थेच्या मार्च २०२४ च्या अभ्यासानुसार देशातील सौर कचरा २०३० पर्यंत सहा लाख टनांवर जाऊ शकतो. म्हणजे नियम ज्या वर्षाची वाट पाहत आहेत, त्याच्या आधीच कचरा दारात उभा राहील.

सौर उद्यानातील पॅनेलचा मालक एक असतो, जागा एक असते. छतांचे तसे नाही. १० मार्च २०२५ पर्यंत योजनेखाली दहा लाखांहून अधिक घरांवर यंत्रणा बसल्या होत्या; गुजरात आणि महाराष्ट्र त्यात आघाडीवर आहेत. पुरवठादारावर देखभालीची सक्ती पाच वर्षांची आहे, पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे. मधल्या २० वर्षांत घर विकले जाईल, इमारत पुनर्विकासाला जाईल, नोकरदाराची बदली होईल, पुरवठादार व्यवसाय गुंडाळेल. गारपिटीने किंवा वादळाने पॅनेल वेळेआधीच फुटतील ते वेगळेच. तेव्हा त्या छतावरचा माल कोणाचा, हा प्रश्न घरमालकाने भंगारवाल्याला विचारायचा काय?

या प्रश्नाला मालक न मिळण्याचे कारण मंत्रालयांच्या रचनेतच आहे. अनुदान नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय देते, कचऱ्याचे नियम पर्यावरण मंत्रालय करते. संसदेतही ऊर्जाविषयक स्थायी समिती वेगळी आणि विज्ञान, तंत्रज्ञान, पर्यावरण व वने यांची समिती वेगळी. एक समिती बसवलेली छते मोजते, दुसरीने उतरवलेले पॅनेल मोजायचे असतात. आणि दोन मोजण्यांच्या दरम्यान पाव शतकाचे अंतर आहे.

हे अंतर बुजवण्यासाठी नवा कायदा लागत नाही. अनुदान राष्ट्रीय पोर्टलवरील नोंदणीतूनच जाते. तीच यादी पुढे परत गोळा करण्याची वही होऊ शकते. तीन किलोवॉटसाठी केंद्राकडून मिळणाऱ्या ७८,००० रुपयांचा छोटा अंश, किंवा उत्पादकाकडून पॅनेलमागे घेतलेले शुल्क, विल्हेवाटीच्या स्वतंत्र निधीत बाजूला ठेवता येईल. उत्पादक बंद पडला तरी तो निधी उरेल. दोन्ही स्थायी समित्यांनी हा एक विषय एकत्र तपासण्यास नियमांची नव्हे, इच्छेचीच अडचण आहे. पॅनेल बसत असताना ही तरतूद स्वस्त आहे. बसून झाल्यावर ती महाग, आणि मालक पांगल्यावर अशक्य.

छतावरील सौरऊर्जा पर्यावरणाच्या हिताची आहे, म्हणूनच तिचा हिशेब पुरा मांडला गेला पाहिजे. ७२ कोटी टनांचे श्रेय २०२४ मध्येच जमेस धरले गेले. १५ ते १८ लाख टनांचे दायित्व अजून कोणत्याही मंत्रालयाच्या खर्चाच्या बाजूला लागलेले नाही. ते कोणाच्या नावे लिहायचे, हे २०३४ उजाडण्यापूर्वी सभागृहात ठरले नाही, तर सीलमपूरच्या गल्लीत आपोआप ठरेल.