गोमातेच्या गव्हाणीत बुरशी!

वसुबारसेला सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालायचे, तिला नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच गव्हाणीत काळी पडलेली पेंड लोटायची, याला भक्ती म्हणायचे काय? माणसाच्या ताटातून बाद झालेले, किडलेले धान्य गोशाळेच्या दारात टाकून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्या दानशूरांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

जनावराला सारे काही पचते, हा निव्वळ भ्रम आहे. दमट पेंडीवर, मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या दूषित पेंडीने सुमारे १ लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. गायीच्या पोटात गेलेल्या या विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ते पशुखाद्यातून येते आणि त्यावर नियमन नाही, हेही प्राधिकरणानेच तेव्हा नमूद केले. दुधातील पाण्यावरून आकाशपाताळ एक करणारा समाज गायीच्या पोत्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही!

वास्तविक खाद्याची पारख अवघड नाही. ताज्या पेंडीला तेलबियांचा खमंग वास येतो. शिळी पेंड कुबट वा खवट लागते. पोत्यात हात घातल्यावर ऊब जाणवली, गठ्ठे लागले, हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ते पोते बाद समजावे. वरची बुरशी खरवडून उरलेले घालणे ही आत्मवंचना होय; कारण विष डोळ्यांना दिसत नाही. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत आणि जुने आधी संपवावे. कडबा नीट वाळवून, उंचवट्यावर गंजी रचून, ती वरून शाकारणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. ते त्याच्या संस्कारातच होते.

आता शासनाने पशुखाद्याची तपासणी कसोशीने करावी आणि गोशाळांच्या चालकांनी सडके दान नम्रपणे, पण ठामपणे परत पाठवावे. गायीचा जयजयकार करणे सोपे आहे. तिच्या पुढ्यातील पेंड आधी स्वतः हुंगून पाहणे, हीच खरी गोसेवा!