गोलजाळ्यासमोरचा परका

मडगावजवळील फातोर्डा मैदानावर २० डिसेंबर २०१५ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला. ८७ व्या मिनिटाला चेन्नईयिन एफसीविरुद्ध एफसी गोवाने २-१ अशी आघाडी घेतली. सामन्यात दोन पेनल्टी अडविणारा गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमनी हाच नायक ठरणार, असे दिसत होते. नव्वदाव्या मिनिटाला त्याच्याकडूनच स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत स्टीव्हन मेंडोझाने चेन्नईयिनला ३-२ असे विजेतेपद मिळवून दिले. या जल्लोषात चेन्नईयिनचा गोलरक्षक अपुला एडेल मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

वास्तविक, हे त्याचे सलग दुसरे विजेतेपद होते. २०१४ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केरळला १-० असे नमविणाऱ्या ॲटलेटिको दी कोलकाता संघाचे गोलजाळेही त्यानेच राखले होते. कॅमेरूनमधील याउंदे येथे जन्मलेला एडेल किशोरवयात आर्मेनियात गेला, त्याच देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळला आणि २०१० मध्ये पॅरिस सेंट जर्मेनसह फ्रेंच चषकाचा मानकरी ठरला. भारतात तो आला तो इस्रायलमार्गे.

आज मात्र अशा गोलरक्षकाला येथे जागा मिळणे कठीण आहे. त्याला कारण केवळ गुणवत्तेचे नाही, गणिताचेही आहे. तेव्हा एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरविता येत. २०१७-१८ मध्ये ही मर्यादा पाचवर आणि २०२१-२२ मध्ये चारवर आली. मोजक्या जागा गोल करणाऱ्यांवर खर्च करण्याकडे संघांचा कल वाढला आणि परदेशी गोलरक्षक लीगमधून जवळजवळ हद्दपार झाले.

त्याचा लाभ भारतीय गोलरक्षकांना झाला, हे नाकारता येणार नाही. फातोर्ड्यावरच मार्च २०२२ मध्ये हैदराबादकडून खेळताना कट्टीमनीने पेनल्टी शूटआऊटमध्ये केरळचे तीन फटके अडवून विजेतेपद खेचून आणले. सहा वर्षांपूर्वीची सल तेथेच पुसली गेली.

तथापि, नियमाने जागा मिळते, गोलरक्षक घडत नाही. विदर्भाचा एकही संघ या लीगमध्ये आजवर खेळलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या गावातील उंचापुऱ्या मुलाला हातमोजे आणि प्रशिक्षक वेळेवर मिळाले नाहीत, तर परक्याने रिकामी केलेली जागा त्याच्यासाठी रिकामीच राहील.