दोन कसोट्यांवरून निकाल नको

निलेश कुलकर्णी हे नाव आता प्रश्नमंजूषेपुरतं उरलं आहे. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा मैदान, बाद झाला मार्वन अटापट्टू. त्यानंतर ७० षटकं संपेपर्यंत १९५ धावा गेल्या, दुसरा बळी आलाच नाही. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकीपटूच्या नावावर शेवटी तीन कसोट्या आणि दोनच बळी राहिले. एवढ्यावरून त्याची पारख झाली, हे मला मान्य नाही. श्रीलंकेने त्या डावात ६ बाद ९५२ धावा केल्या. जयसूर्या ३४०, महानामा २२५. अनिल कुंबळेलाही दोनशेहून जास्त धावा देऊन एकच बळी मिळाला होता. पण कुंबळेची जागा त्या एका डावावर अवलंबून नव्हती.

यावर नेहमीचं उत्तर असं की जातिवंत खेळाडू मिळेल त्या संधीत चमकतोच. २००१ची चेन्नई कसोटी पाहा. कुलकर्णी आणि साईराज बहुतुले ज्या संघात होते, त्याच संघात हरभजनने १५ बळी घेतले! उदाहरण खरं, निष्कर्ष चुकीचा. हरभजनची ती पहिली संधी नव्हती. मार्च १९९८मध्येच तो कसोटी खेळला होता, मधे वगळला गेला होता आणि परत आला होता. बहुतुलेला अवघ्या दोन कसोट्या मिळाल्या, बळी तीन. प्रथम श्रेणीतले ६३० बळी आणि सहा हजारांवर धावा त्याच्या हिशेबात कुणी धरल्या नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जागा अकराच, एकाला लांब संधी दिली की दुसरा बाहेर बसतो. पद्माकर शिवलकर ५८९ प्रथम श्रेणी बळी घेऊनही एकही कसोटी खेळले नाहीत. ही किंमत मोजावी लागते, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण एक सामना देऊन काढून टाकल्याने बाहेर बसलेल्याचंही भलं होत नाही, कारण त्याच्या वाट्याला येणार तोही एकच सामना. फिरकीपटू निवडलाच, तर मायदेशातली अख्खी मालिका त्याला द्यावी. अपयश आलं तरी ते मग त्याचं स्वतःचं असेल, खेळपट्टीचं नाही. नरसी नामदेवहून हिंगोलीला जिल्हा निवडचाचणीसाठी जाणाऱ्या मुलालाही हाच न्याय हवा. दोन षटकं टाकून घेऊन त्याला परत पाठवू नये. निदान दोन पूर्ण सामने खेळवावेत, आणि त्याच्या शाळेच्या सामन्यांची धावपत्रकं निवडकर्त्यांनी मागवून वाचावीत.