दृष्टिकोन शेतकऱ्याचा, जोखीमही शेतकऱ्याचीच

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी माणसाला केळी म्हटली की प्रथम जळगाव आठवते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथल्या शेतकऱ्याने ऊतिसंवर्धित, म्हणजेच टिश्यूकल्चरच्या, 'ग्रँड नैन' रोपांची लागवड सुरू केली आणि पाहता पाहता ती रूढ झाली. मग बिहारचा किंवा तमिळनाडूचा लहान शेतकरी तेच रोप घेताना का कचरतो? या प्रश्नाला आपल्या कृषी-प्रशासनाकडे एक ठरलेले उत्तर आहे: शेतकऱ्याचा दृष्टिकोन अनुकूल नाही, जागृती कमी आहे, सबब प्रशिक्षण वाढवावे. या उत्तराला माझा स्पष्ट विरोध आहे.

या विचारसरणीचे मूळ एव्हरेट रॉजर्स यांच्या 1962 सालच्या नवतंत्र-प्रसाराच्या सिद्धान्तात सापडते. त्यात समाजाची नवप्रवर्तकांपासून 'मागे रेंगाळणाऱ्यां'पर्यंत पाच गटांत विभागणी केली आहे. विस्तारसेवेने हे वर्गीकरण इतके आत्मसात केले की, जो नवे तंत्र घेत नाही तो रेंगाळणारा, हे गृहीतच धरले गेले. तंत्र त्याच्यापर्यंत कोणत्या अटींवर पोहोचते, हा प्रश्न बाजूला पडला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थिओडोर शुल्झ यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेल्या साधनांचा हिशेबी वापर करतो, हे त्यांनी 1964 मध्येच आग्रहाने मांडले होते.

तेव्हा हिशेबच पाहू. पाच फूट बाय पाच फूट अंतरावर एकरी सुमारे 1,740 झाडे बसतात. उदाहरणादाखल ऊतिसंवर्धित रोप 15 रुपयांना आणि मुनवा 4 रुपयांना धरला, तर केवळ लागवड-साहित्यावर एकरी 19 हजार रुपये अधिक लागतात. त्याच्या मोबदल्यात एकसारखी वाढ, एकाच सुमारास निसवण, अकरा-बारा महिन्यांत काढणी आणि भरदार घड मिळतात. हे फायदे खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते पदरात पडण्यासाठी ठिबक, खताच्या वेळेवर मात्रा, हाताशी भांडवल आणि एकदम आलेला माल उचलणारा व्यापारी लागतो. जळगावात हे सारे बऱ्याच अंशी एकत्र आले. तिथे मानसिकतेत चमत्कार घडला नव्हता. हिशेब जुळला होता.

खरी मेख याहून खोल आहे. शेजारच्या बागेतून मुनवा आणणाऱ्या शेतकऱ्याने त्याच्या मातृवृक्षाचा घड डोळ्यांनी पाहिलेला असतो. पिशवीतले वीतभर रोप मात्र सर्वत्र सारखेच दिसते. ते कोणत्या मातृवृक्षाचे, प्रयोगशाळेत त्याची किती आवर्तने झाली, विषाणूचाचणी झाली की नाही, हे त्याच्या पानांवर लिहिलेले नसते. रोप अस्सल होते की विकृत, हे सात-आठ महिन्यांनी, निसवणीच्या वेळी कळते. तोवर पैसा, पाणी आणि हंगाम खर्ची पडलेला असतो. विक्रेत्याला माहीत आणि ग्राहकाला अज्ञात अशा गुणवत्तेचा बाजार कसा ढासळतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. केळीचे रोप त्याच जातीचा माल आहे.

शासनाला याची जाणीव नव्हती असे नाही. 1966 च्या बियाणे कायद्याचा आधार घेऊन 2006 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांची राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था उभी केली. विषाणूमुक्तता आणि आनुवंशिक एकरूपता तपासणारी ही व्यवस्था स्वागतार्हच आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि तिची कक्षा प्रयोगशाळेच्या टप्प्यापर्यंतच आहे. शेतकरी मात्र प्रयोगशाळेच्या दारात खरेदी करीत नाही. तो शेडनेटमध्ये रोपे वाढवणाऱ्या रोपवाटिकेकडून किंवा तिच्या दलालाकडून घेतो. ज्या ठिकाणी फसवणूक संभवते, नेमक्या त्याच ठिकाणी प्रमाणपत्राचा हात सुटतो.

नुकसान झाल्यास दाद मागता येते, हेही खरे. सदोष बियाण्याबाबत शेतकरी हा ग्राहक आहे व तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिला. शेतकऱ्याने पेरणीपूर्वी बियाण्याचा नमुना राखून ठेवावा ही अपेक्षा अवाजवी असल्याचेही न्यायालयाने ओळखले. परंतु हाती पक्की पावती नाही, रोपावर तुकडी-क्रमांक नाही, अशा स्थितीत दोष रोपाचा की मशागतीचा, हे तो सिद्ध कसे करणार?

प्रचाराची भाषाही निष्काळजी आहे. 'रोगमुक्त' आणि 'रोगप्रतिकारक' यांत महदंतर आहे. बिहारमधील कटिहार-पूर्णिया आणि उत्तर प्रदेशातील फैजाबाद परिसरात पनामा मररोगाची 'टीआर-4' ही प्रजाती गेल्या दशकात आढळली. मुनव्यासोबत रोगट माती व बुरशी नव्या शेतात जाते. म्हणून स्वच्छ रोपाची तिथे नितांत गरज आहे. मात्र माती आधीच दूषित असेल, तर स्वच्छ रोपही मरते, कारण 'ग्रँड नैन' या रोगाला बळी पडणारेच वाण आहे. हे आधी न सांगता रोपे वाटली आणि बाग मेली, तर शेतकऱ्याचा विश्वास उडण्याला प्रतिकूल दृष्टिकोन म्हणायचे का?

शिवाय तंत्र आणि वाण यांची आपण गल्लत केली. केरळच्या शेतकऱ्याला चिप्ससाठी नेंद्रन हवी, हाजीपूरच्या बाजाराला चिनिया व अल्पान परिचित आहेत. पळणीच्या पंचामृतासाठी विरुपाक्षी लागते. ही विरुपाक्षी पर्णगुच्छ रोगाने डोंगरांतून जवळजवळ नामशेष झाली होती. तिला पुन्हा उभे करण्यासाठी विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित रोपांचाच आधार घेतला गेला. आपल्या ओळखीचे वाण नव्या तंत्राने दिले, तर परंपरा आड येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रमाणीकरण रोपवाटिकेपर्यंत न्यावे आणि ते सक्तीचे करावे. प्रत्येक तुकडीवर मातृवृक्ष, आवर्तने व चाचणीची तारीख नोंदवावी. अनुदानित रोपांच्या पुरवठादाराची काही रक्कम निसवणीपर्यंत रोखून ठेवावी. आज साऱ्या जोखमीची वाट पाहणारा शेतकरी एकटाच आहे, त्यात विक्रेत्यानेही वाटा उचलावा. आणि अनुदान एकाच वाणाच्या पदराला बांधू नये.

हे सारे झाल्यावरही शेतकरी मागे हटला, तर त्याच्या दृष्टिकोनाचा अभ्यास अवश्य करावा. तोवर सर्वेक्षणाची प्रश्नावली घेऊन बांधावर जाणाऱ्याने पहिला प्रश्न रोपवाटिकेच्या मालकाला विचारावा: हे रोप वांझोटे निघाले, तर पैसे कोण भरणार?