नियत साफ आहे, पण नोंदणी?

आपल्या मोहल्ल्यांतल्या नशेबद्दल आता उघडपणे बोललं जातं, ही चांगली गोष्ट आहे. मालेगावची ‘कुत्ता गोली’ असो, भिवंडी-मुंब्र्यातलं खोकल्याचं औषध असो की दारू असो, जुम्म्याच्या बयानातही हे विषय येतात. मग कुणीतरी म्हणतं, “आपल्या जमातीचंच एक व्यसनमुक्ती केंद्र काढू.” एखाद्या ट्रस्टची जागा रिकामी असते, चार दानशूर पुढे येतात, स्वतः नशेतून बाहेर पडलेला एखादा तरुण देखरेखीला तयार होतो. परवान्याचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “काम तर सुरू करू, कागद नंतर पाहू. नियत साफ आहे ना!”

माझा आक्षेप केंद्राला नाही. ‘नंतर पाहू’ला आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारात धरतो. अशा रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या, उपचार व पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावीच लागते. संस्था ट्रस्टची असली, फुकट चालणारी असली, युनानी पद्धतीची असली, तरी सूट नाही. नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. पुन्हा पुन्हा केल्यास तो पाच लाखांपर्यंत जातो.

पण दंडाची भीती हे माझ्या म्हणण्याचं मुख्य कारण नाही. मुख्य कारण आहे रुग्णाची पहिली काही दिवस-रात्र.

आपल्याकडे समज असा की नशा सुटणं म्हणजे निश्चयाचा प्रश्न. माणसाला खोलीत ठेवा, दार लावा, नमाजला उभा करा, आठवड्यात ठीक होईल. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप सुरू होऊ शकतो आणि वेळेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. ‘कुत्ता गोली’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलामची गोळीही अशीच. ती दीर्घकाळ घेणाऱ्याची एकदम बंद करणं धोक्याचं असतं. डॉक्टर तिचा डोस हळूहळू उतरवतात. रात्री तीन वाजता त्या पोराला फिट आली, तर तिथं जागं कोण असेल? परवान्याच्या मागे खरा प्रश्न हा आहे. नोंदणी म्हणजे डॉक्टर कोण, नर्स कोण, जागा किती, नोंदी कुठे, याची आधी द्यावी लागणारी उत्तरं.

निव्वळ श्रद्धेच्या आणि सद्‌भावनेच्या भरवशावर चाललेल्या जागेचं काय होतं, हे आपण एरवाडीत पाहिलं आहे. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यातल्या या दर्ग्याच्या गावी मनोरुग्णांना घेऊन लोक लांबून येत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ माणसं गेली. त्यांना तिथं सोडणाऱ्या नातेवाइकांची नियतही वाईट नव्हती.

आजचा कायदा साखळीला पूर्ण बंदी घालतो. तो आणखी बरंच सांगतो. रुग्णाचं डोकं जबरदस्तीनं भादरता येत नाही, केंद्राचे कपडे घालण्याची सक्ती करता येत नाही. स्वतःहून दाखल झालेला माणूस ‘मला जायचंय’ म्हणाला, तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. घरच्यांच्या विनंतीवरून दाखल करायचं, तर मानसोपचारतज्ज्ञासह दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. चार पोरं पाठवून रात्री गाडीत घालून ‘उचलून नेणं’ या चौकटीत बसत नाही.

आणि हे सगळं काही परकं नाही. वैद्यकीचं ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार, या आशयाची हदीस आपले आलिम सांगत आले आहेत. रुग्ण ही अमानत आहे. अमानत घेणाऱ्यानं हिशेब द्यायला का कचरावं?

आता सरकारकडे वळतो, कारण सगळं ओझं मोहल्ल्यावर टाकणं अन्यायाचं होईल. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. नोंदणीकृत, परवडणारी जागा जवळ नसते, म्हणूनच बिननोंदणीच्या खोल्या भरतात. कायद्यात तात्पुरती नोंदणी अर्जानंतर दहा दिवसांत द्यायची तरतूद आहे आणि ती बारा महिने चालते. ही तरतूद छोट्या संस्थांपर्यंत पोचवायला जिल्ह्यात मराठी-उर्दूत समजावून सांगणारा एक माणूस तरी हवा. केंद्राला सील ठोकणं सोपं असतं. आतल्या रुग्णांनी दुसऱ्या दिवशी जायचं कुठं, हेही त्याच आदेशात लिहिलं पाहिजे.

हे काम नीट करता येतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं, त्यालाही पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची देणगी लागलीच. आपल्याकडे देणारे हात कमी नाहीत. इमारतीला जकात चालते का, यावर आलिमांत मतभेद आहेत. पण गरीब रुग्णाच्या उपचाराचा खर्च उचलायला कुणी अडवलेलं नाही. केंद्र काढणं झेपत नसेल, तर नोंदणीकृत केंद्रात दहा पोरांचा खर्च करा. ते जास्त पुण्याचं, म्हणजेच जास्त सवाबाचं आहे.

आणि पोराला दाखल करायला निघालेल्या आई-बापांनी दारातच तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणीचं प्रमाणपत्र कुठं लावलंय? रात्री डॉक्टर कोण? मुलाला भेटू द्याल का? प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्यामुळे विचारण्यात बेअदबी नाही. उत्तरादाखल कुणी फक्त नियतीची ग्वाही देत असेल, तर मुलाचा हात धरून परत फिरा. १४४४६ या राष्ट्रीय मोफत हेल्पलाइनला फोन करा आणि दुसरं दार शोधा.