प्रदेशाचा अभ्यास कोणासाठी?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय, म्हणजे ‘मायनर’, घेण्याची वाट मोकळी केली आहे. जगाच्या एखाद्या प्रदेशाचा इतिहास, अर्थकारण, समाज आणि भाषा यांचा एकत्रित अभ्यास हा असा गौण विषय व्हावा, असे आमचे मत आहे. मात्र ही पद्धत जिथे वाढली तिथला अनुभव तपासल्याखेरीज तिचे अनुकरण करणे धोक्याचे ठरेल.

१९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुट्निक अवकाशात सोडला आणि अमेरिकेचे राज्यकर्ते हादरले. पुढल्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि परकीय भाषा व प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ होते. ज्ञानाची भूक नव्हे, तर शीतयुद्धाची गरज हे त्यामागचे मुख्य कारण होते. आपल्याला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतील काही भाग खर्चून १९६२पासून भारतीय पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांत जाऊ लागली. त्यांत मराठी पुस्तकेही होती.

हे ज्ञान कोणत्या कामी येऊ शकते, ते १९६५ साली उघड झाले. परदेशांतील बंडाळीचे भाकीत करता यावे म्हणून अमेरिकन लष्कराने समाजशास्त्रज्ञांना हाताशी धरून ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प आखला होता. चिलीत त्याचा बोभाटा झाला आणि तो गुंडाळावा लागला.

परंतु एवढेच सांगून थांबणे अन्यायाचे होईल. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध करण्यासाठी १९६८ साली आशियाच्याच तरुण अमेरिकन अभ्यासकांनी आपली संघटना उभारली. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिला आणि मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या गेल ऑम्वेट सत्यशोधक चळवळीच्या संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या, इथल्याच झाल्या आणि कासेगावी राहून कष्टकऱ्यांच्या लढ्यांत उतरल्या. शासनाने पैसा दिला म्हणून विद्यार्थी शासनाचा होतोच असे नाही. लोकांची भाषा शिकून त्यांच्यात जाणारा विद्यार्थी वेगळे प्रश्न विचारू लागतो.

आता आपल्याकडे पाहू. १९७३नंतर तेलाचे भाव भडकले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांची चूल आखाती देशांतल्या कमाईवर पेटू लागली. आखातातील काही राज्यांत एके काळी भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६च्या अवमूल्यनानंतर ते चलन मागे पडले. मुंबईचा व्यापार, ब्रिटिशांचे वर्चस्व, तेलाचे राजकारण आणि कामगाराला मालकाशी बांधून ठेवणारी कफाला पद्धत हे सारे एकाच इतिहासाचे धागे आहेत. एकट्या अर्थशास्त्राला किंवा एकट्या इतिहासाला ते उलगडता येणार नाहीत. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची गरज ती हीच.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, पश्चिम आशियाच्या मायनरमध्ये अरबी भाषा अनिवार्य असावी. भाषेवाचून होणारी ओळख परक्याच्या डोळ्यांनीच होते. दुसरी, तिथे राबून परतलेल्या कामगारांचे अनुभव अभ्यासक्रमाचा भाग असावेत. तिसरी, निर्यातदार आणि नोकरभरती कंपन्यांच्या सोयीने विषय ठरू नयेत.

मुंबई विद्यापीठात १९७१पासून आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्र आहे, म्हणजे परंपरा आपल्याकडेही आहे. मात्र असे अभ्यास विद्यापीठाच्या आवारातच न राहता जिल्ह्याच्या महाविद्यालयांत पोहोचले पाहिजेत. ज्या गावांतून माणसे आखातात जातात, त्या गावांतील मुलांना त्या प्रदेशाचे ज्ञान मिळू नये, ही विषमताच आहे.