वासरांत लंगडी गाय?

डेट्रॉइटला पुतण्याकडे गेलो होतो, तेव्हा तो मला जो लुईसचं स्मारक दाखवायला घेऊन गेला. पुतळा नाही, नुसता हात. ब्राँझचा, २४ फूट लांब, पुढे वळलेली मूठ, आणि सगळा हात टांगलेला. १९८६ सालचं काम. मी मान वर करून बघत होतो, तर पुतण्या म्हणाला, "काका, मूठ मोठी आहे खरी, पण समोर होतं कोण? सगळे टिनपाट. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! हा नसता तर ती गादी ओस पडली असती."

मी तिथेच भांडायला सुरुवात केली होती, पण गाडी चुकीच्या जागी लावली होती म्हणून वाद अर्धवट राहिला. तो आज इथे पुरा करतो.

आधी हकिगत. लुईसने २२ जून १९३७ ला शिकागोत जिम ब्रॅडॉकला आठव्या फेरीत झोपवलं आणि तो हेवीवेटचा जगज्जेता झाला. १ मार्च १९४९ ला त्याने निवृत्ती जाहीर केली, तोवर ते पद त्याच्याकडेच होतं. साडेअकरा वर्षांहून जास्त. या काळात २५ वेळा ते पणाला लावलं आणि २५ वेळा राखलं. डिसेंबर १९४० पासून तर तो जवळपास दर महिन्याला एक लढत देत होता. तेव्हाच्या अमेरिकन वार्ताहरांनी त्याच्या आव्हानवीरांना नाव ठेवलं, 'बम ऑफ द मंथ'. म्हणजे या महिन्याचा भुक्कड! आमच्या पुतण्याने मला ऐकवलं ते हेच, ऐंशी वर्षांचं शिळं.

बरं, आता धरून चालू की लुईस जन्मालाच आला नाही. काय झालं असतं?

याचा अंदाज बांधायला कल्पनाशक्ती नको, मागची पानं उलटली की पुरे. १९२८ ला जीन टनी निवृत्त झाला. त्यानंतर १९३० ला मॅक्स श्मेलिंग, १९३२ ला जॅक शार्की, १९३३ ला प्रिमो कार्नेरा, १९३४ ला मॅक्स बेअर आणि १९३५ ला ब्रॅडॉक. पाच वर्षांत पाच जगज्जेते! त्यातल्या शार्की, बेअर आणि ब्रॅडॉक यांना तर एकदाही पद राखता आलं नाही. म्हणजे गादी ओस नव्हती, संगीत खुर्ची चालू होती. आणि या पाचही जणांना लुईसने हरवलं. कार्नेरा आणि बेअर १९३५ ला, शार्की १९३६ ला, ब्रॅडॉक १९३७ ला, श्मेलिंग १९३८ ला. वासरं म्हणायचीच असतील तर म्हणा बापडे, पण ही पाचही वासरं गादीवर बसून आलेली होती.

पुढचंही बघा. वेल्सच्या कोळशाच्या खाणीतून आलेल्या टॉमी फारने एप्रिल १९३७ मध्ये लंडनला बेअरला हरवलं. मार्च १९३८ मध्ये बेअरने फारला हरवलं. १९३९ ला लू नोव्हाने बेअरला हरवलं. त्याच वर्षी टोनी गॅलेंटोने नोव्हाला हरवलं. १९४० ला बेअरने गॅलेंटोला हरवलं. डोकं गरगरलं ना? लुईस नसता तर मुकुट याच वाटेने या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत राहिला असता. आणि गंमत अशी की मग आपण म्हणालो असतो, "काय तो काळ! काय ती चुरस! एकापेक्षा एक!" माणसं तीच, ताकद तीच, ठोसे तेच. फक्त मधला एक माणूस काढला की भुक्कडांचे शूरवीर होतात. मग 'भुक्कड' हा गुण त्यांचा कसा? ती तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाची सावली झाली.

आणि सावलीतही त्यांनी काय केलं ते ऐका. फार लुईसपुढे पूर्ण १५ फेऱ्या उभा राहिला. चिलीच्या आर्तुरो गोदोयला १९४० मध्ये तीनपैकी एका पंचाने विजयी ठरवलं होतं. गॅलेंटोने लुईसला जमिनीवर पाडलं. मॅक्सचा धाकटा भाऊ बडी बेअर, त्याने तर मे १९४१ मध्ये लुईसला दोऱ्यांतून रिंगच्या बाहेर फेकला. हे सगळे हरले, हे खरंच. पण असे भुक्कड आपल्याला परवडणारे नाहीत.

बिली कॉनची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. हा पिट्सबर्गचा पोरगा खालच्या वजनी गटाचा, लाइट हेवीवेटचा जगज्जेता. ते पद सोडून तो १८ जून १९४१ ला लुईससमोर आला, वजनाने सुमारे २५ पौंड कमी. १२ फेऱ्या झाल्या तेव्हा दोन पंचांच्या कागदावर कॉन पुढे होता आणि तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी. उरलेल्या तीन फेऱ्या अंग राखून खेळला असता तर जगज्जेता झाला असता. पण तेराव्या फेरीत हा गडी लुईसला झोपवायलाच निघाला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना स्वतः झोपला. त्या मालिकेत दर महिन्याच्या भुक्कडांमध्ये याचंही नाव घालतात! धन्य आहे.

हां, टोनी मस्टो किंवा गस डोराझिओ यांना मी ओढूनताणून महावीर ठरवणार नाही. २५ लढतींत चार-सहा कच्चे गडी येणारच.

आता दुसरी बाजू. काही मंडळी उलट टोकाला जातात. त्यांचं म्हणणं, लुईस नसता तर श्मेलिंग १९३७ ला पुन्हा जगज्जेता झाला असता आणि मुकुट हिटलरच्या जर्मनीत गेला असता. ब्रॅडॉकशी लढण्याचा हक्क श्मेलिंगचाच होता, तसा करारही होता आणि त्याला डावलून लुईसला संधी दिली, इथपर्यंत सगळं खरं. पण तो हक्क श्मेलिंगने मिळवला कशावर? जून १९३६ मध्ये त्याने लुईसला बाराव्या फेरीत पाडलं, त्यावर! त्याआधी १९३३ मध्ये बेअरने त्याला चांगलाच बदडला होता. लुईस काढून घेतला की श्मेलिंगच्या पायाखालची शिडीही जाते. बुद्धिबळाच्या पटावरून एक मोहरा उचलावा आणि बाकीचे होते तिथेच राहावेत, असं माणसांच्या बाबतीत होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. १९१५ मध्ये जॅक जॉन्सन हरला, त्यानंतर २२ वर्षं एकाही काळ्या माणसाला हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्ससारखा तगडा मल्ल डेम्प्सीशी लढत मिळण्याची वाट बघत म्हातारा झाला. तो दरवाजा लुईसने उघडला. मग जो वॉलकॉटचं बघा. लुईसच्याच वयाचा, दोघांचा जन्म १९१४ चा. पोटासाठी पडेल ते काम करत, महायुद्धाच्या काळात गोदीत राबत हा माणूस डिसेंबर १९४७ मध्ये लुईससमोर उभा राहिला. त्याने लुईसला दोनदा पाडलं. रिंगमधल्या पंचाने वॉलकॉटला कौल दिला, बाहेरच्या दोघांनी लुईसला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. याच वॉलकॉटने १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात ते पद मिळवलं. लुईस नसता तर वॉलकॉट आधीच जगज्जेता झाला असता, असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न, लुईस नसता तर वॉलकॉटला त्या रिंगमध्ये पाऊल तरी ठेवू दिलं असतं का? ज्याने वाट अडवली, त्यानेच ती पाडूनही दिली होती.

एवढा जीव तोडून का लिहितोय, असं वाटेल. कारण सांगतो. मी शिकवत असताना एका वर्गात सलग तीन वर्षं एकच मुलगी पहिली आली, आणि तिची गोष्टच वेगळी होती. त्या वर्गात कायम दुसरा येणारा एक मुलगा होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी तीन वर्षं 'साधारण बरा' असा शेरा मारला. त्याचे गुण दुसऱ्या कुठल्याही तुकडीत पहिल्या नंबरचे होते, हे मला कळायला निवृत्तीनंतर घरातली जुनी वही सापडावी लागली. तो शेरा मी त्याच्या गुणांना दिलाच नव्हता. तिच्या गुणांच्या मानाने दिला होता. त्याच्या आईवडिलांनी मात्र तो खरा मानून वाचला असेल.

म्हणून पुतणेसाहेब, लंगडी गाय वगैरे म्हणण्यापूर्वी कॉनच्या बारा फेऱ्यांचं चित्रण बघा. नंतर फोन करा. भांडायला मी आहेच. पण यावेळी गाडी नीट जागी लावून या!